शिधा, शाळा, बाजार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अन्नधोरण म्हटले की दिल्ली-मुंबईतल्या बैठका डोळ्यांसमोर येतात. आमच्याकडे आलेल्या पत्रांत मात्र रेशन दुकानातला काटा, शाळेतली खिचडी आणि मोंढ्यातली हिशोबपट्टी आहे. धोरणाचे खरेखोटे तिथेच ठरते. या अंकात त्यातल्या सात पत्रांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर ५ माणसे आहेत. दरमहा २५ किलो मिळायला हवे, पण दुकानदार २२ किलो देतो. विचारले की म्हणतो, "वरूनच कमी येतं." पावतीही देत नाही. कुठे आणि कसे भांडावे?
— एक वाचक, नांदेड जिल्हा

आधी हक्काचा आकडा पक्का करू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असली तरी ३५ किलो. कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढची ५ वर्षे ते मोफतच राहील असा केंद्राचा निर्णय आहे. गहू किती आणि तांदूळ किती ही वाटणी बदलू शकते, बेरीज बदलत नाही. म्हणजे तुमचे २५ किलोच.

"वरूनच कमी येतं" यात कधीकधी तथ्य असते, ते समजून घ्या. धान्य ५० किलोच्या तागाच्या पोत्यातून येते. रिकामे पोते साधारण ५८० ग्रॅमचे असते. म्हणजे भरलेले पोते काट्यावर ५० किलो ५८० ग्रॅम भरायला हवे. गोदामात पोत्यासकट ५० किलो मोजून दिले, तर दुकानदाराला दर पोत्यामागे अर्ध्या किलोपेक्षा जास्त खोट येते. त्यात हमालांच्या आकडीने पोती फाटून सांड होते ती वेगळी. पण हिशोब करून पाहा. १०० पोत्यांत ही खोट ५८ किलोची होते, म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत. तुमच्या २५ किलोंत ती ३०० ग्रॅमच्या आत बसते. तुमचे ३ किलो जात आहेत, म्हणजे १२ टक्के. पोत्याच्या वजनाने याचा खुलासा होत नाही. शिवाय दुकानदाराला खोट आली तर ती त्याने द्वारपोच गाडी दारात असतानाच वजन करून, चलनावर लिहून, तहसीलच्या पुरवठा शाखेकडून भरून घ्यायची असते. कार्डधारकाच्या पिशवीतून ती वळती करण्याचा अधिकार त्याला नाही.

आता काट्याकडे बघा. धान्य बहुधा पत्र्याच्या डब्यात घालून मोजतात. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्य केला का, हे पाहा. ७०० ग्रॅमचा डबा शून्य न करता पाच वेळा भरला की साडेतीन किलो तिथेच गेले. तुमच्या २२ किलोंचे कोडे बरेचदा या डब्यात असते. काट्यावर वैधमापन विभागाची चालू मुदतीची मोहोर आहे की नाही, तेही बघून घ्या.

पावतीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ई-पॉस यंत्रावर अंगठा लागला की यंत्र बहुधा पूर्ण २५ किलोची नोंद करते आणि पावती छापते. म्हणजे शासनाच्या दप्तरात तुम्हाला २५ किलो मिळालेले आहेत. ही नोंद खोडून काढत नाही तोवर तुमच्या तक्रारीला पाय फुटत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा :

अंगठा देण्याआधी विचारा, "किती देणार?" अंगठ्यानंतर पावती मागा. कागदाचा रोल संपला असे उत्तर आले तर राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर १२ अंकी शिधापत्रिका क्रमांक टाकून त्या महिन्याचा व्यवहार बघा आणि स्क्रीनचे चित्र ठेवा. मिळालेले धान्य त्याच दिवशी, पिशवी न उघडता, पिठाच्या गिरणीत दोन माणसांदेखत मोजा. तारीख, वजन, दोघांच्या सह्या एका कागदावर घ्या. एका घराचा कागद दुबळा पडतो, त्याच दिवशीचे सात-आठ घरांचे कागद भक्कम ठरतात.

तक्रार १९६७ किंवा १८००-२२-४९५० या क्रमांकावर करता येते, मात्र फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक लिहून घ्या. त्याचबरोबर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे काम झाले नाही तर कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग. जिल्हा अधिकाऱ्याने सांगितलेला दिलासा सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकाला आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो (कलम ३३).

हक्काचे धान्य मिळाले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आहे. २०१५ च्या नियमांनुसार तो हमीभावाच्या सव्वापट रकमेतून कायद्यातला विक्रीदर वजा करून काढतात. गव्हाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, म्हणजे सव्वापट किलोमागे ३० रुपये ३१ पैसे. तुमच्या ३ किलोंचे महिन्याला ८५-९० रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण अर्जात हा आकडा घालाच. भत्त्याची मागणी आली की धान्य दिले की नाही, याचे उत्तर कार्यालयाला लेखी द्यावे लागते.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. दुकानदार म्हणतो, अंगठा नाही तर धान्य नाही.
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

कार्डावर आणखी कोणी असेल तर प्रश्नच मिटतो. कार्डावरील कोणत्याही एका सदस्याचा अंगठा लागला की सगळ्या कुटुंबाचे धान्य उचलता येते. दुकानदार "आजींनाच आणा" म्हणत असेल तर ते चूक आहे.

आजी एकट्याच कार्डावर असतील तर पुढचे करून पाहा. कोमट पाण्याने बोटे धुऊन, कोरडी करून, किंचित तेल लावून पुसून घ्या. कोरड्या, भेगाळलेल्या बोटांचे ठसे उन्हाळ्यात आणि थंडीत हमखास चुकतात. दहाही बोटे तपासायला सांगा, नुसता अंगठा नव्हे. डोळ्याच्या बुबुळाची ओळख किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी हे पर्याय यंत्रात असतात. यातले काहीच जमले नाही तर आजींच्या वतीने धान्य घेणारी व्यक्ती नामनिर्देशित करण्याचा अर्ज पुरवठा शाखेत द्या. दरम्यान आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या.

आधार नाही किंवा ठसा जुळला नाही एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याचे धान्य रोखू नये आणि नावही काढू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने सर्व राज्यांना कळवले आहे. असे व्यवहार अपवाद नोंदवहीत लिहून धान्य द्यायचे असते. पत्राची तारीख सांगा. दुकानदारांना ती ठाऊक असते.

प्रश्न : आमचे कार्ड केशरी आहे, उत्पन्न मर्यादेत बसते. तीन वर्षे अर्ज करतोय, तहसीलमध्ये "इष्टांक संपला" एवढेच सांगतात. इष्टांक म्हणजे काय आणि तो कधी सुटणार?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

इष्टांक म्हणजे राज्याला मिळालेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. कायदा देशपातळीवर ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोकांपर्यंतची मर्यादा घालतो. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण ७६.३२ टक्के आणि शहरी ४५.३४ टक्के आले. हे टक्के २०११ च्या जनगणनेवर लावल्यामुळे राज्याचा आकडा सुमारे ७ कोटींवर गोठला. त्यानंतर जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या मुली, वेगळे निघालेले संसार या सगळ्यांना त्याच ७ कोटींत जागा शोधावी लागते. तुमची पात्रता आणि तुमची जागा या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसल्या आहेत, आणि आमच्या मते या कायद्यातली सर्वांत मोठी अन्यायाची जागा हीच आहे. नवी जनगणना लागू होईपर्यंत ती तशीच राहणार.

तोवर नाव लागते ते फक्त कोणाचे तरी कमी झाल्यावर. मयत, लग्न होऊन गेलेले, दोन ठिकाणी नाव असलेले, उत्पन्न वाढलेले. राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण ४४,००० आणि शहरी ५९,००० रुपये आहे. कमी झालेल्या नावांच्या जागी कोणाला घेतले, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. म्हणून :

अर्ज तोंडी ठेवू नका, दिनांकित पोच घ्या. प्रतीक्षा यादीतला क्रमांक लेखी मागा. लाभार्थ्यांच्या यादीचे ग्रामसभेत चावडीवाचन मागा. वाचनात मयतांची नावे निघतातच. ती कमी करण्याचा आणि पात्र घरांची नावे घेण्याचा असा दोन्ही गोष्टींचा एकच ठराव करा. नुसता "गरिबांना धान्य द्यावे" असा ठराव कोणाच्या टेबलावर थांबत नाही. "अमुक १४ नावे कमी करून अमुक १४ नावे घ्यावीत" याला उत्तर द्यावे लागते.

छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग व वर्धा मिळून १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात देणे सुरू झाले, पुढे ते १७० झाले. तुमचा जिल्हा त्यात येत नाही, पण त्या भागातले वाचक हाच प्रश्न विचारतात म्हणून लिहिले. पैसे कमी पडतात याचे कारण उघड आहे : ५ किलो धान्याचा बाजारभाव वाढतो, रक्कम आपोआप वाढत नाही.

प्रश्न : आमच्या वस्तीवरची निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. काही कोल्हापूर-सांगलीकडे, काही कर्नाटकात. म्हातारी माणसे मागे राहतात. धान्य कुठे घ्यायचे?
— एक वाचक, बीड जिल्हा

दोन्हीकडे घ्या. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत कार्ड तेच राहते, दुकान बदलता येते. ज्या गावात फड पडला आहे तिथल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात कार्ड क्रमांक किंवा आधार सांगून अंगठा द्यायचा. सगळे धान्य एकदम उचलण्याची सक्ती नाही. ६ जणांच्या कार्डावर ३० किलो असतील तर कोयत्यावर गेलेल्यांनी तिकडे २० उचलावेत आणि गावी राहिलेल्यांनी १० उचलावेत, असे चालते. पण आधी घरात ठरवा, कारण पहिल्याने ३० उचलले तर दुसऱ्याला यंत्र शून्य दाखवते आणि घरात भांडण लागते. कर्नाटकात फक्त राष्ट्रीय कायद्याचे धान्य मिळते. तिथल्या राज्य सरकारचा जादा लाभ परराज्याच्या कार्डाला मिळत नाही.

तिकडचा दुकानदार "आमच्या कार्डवाल्यांनाच पुरत नाही" म्हणेल. त्याला वाढीव उचल मिळू शकते, पण त्याने मागणी नोंदवावी लागते. म्हणून टोळी पोचली की मुकादमाने पहिल्या आठवड्यात दुकानावर जाऊन "आमची ३५ कार्डे आहेत, मार्चपर्यंत आहोत" असे सांगून ठेवणे फार उपयोगी पडते. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत गेलात तर साठा उरलेला नसतो.

एक धोका लक्षात असू द्या. जुलै २०२५ च्या दुरुस्तीनुसार सलग ६ महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय होते आणि पुढच्या ३ महिन्यांत घरभेट व ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) होऊन पात्रता ठरते. ऑक्टोबर ते मार्च हेच ते ६ महिने. घराला कुलूप, घरभेटीला माणूस नाही, आणि कार्ड गेले, असे होऊ शकते. त्यामुळे फडावर असताना निदान दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी अंगठा लावाच. ई-केवायसीसाठी गावी यावे लागत नाही. ती देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात किंवा मोबाइलवर चेहरा ओळखून करता येते.

बरोबर गेलेल्या लहान मुलांना आणि गरोदर, स्तनदा बायांना तिथल्या अंगणवाडीत आहार मिळायला हवा. त्यासाठी गावच्या अंगणवाडी सेविकेला निघण्याआधी सांगून नोंद स्थलांतरित करून घ्या. हे सांगायचे राहून जाते आणि मूल पाच महिने वजनाच्या काट्यावर चढतच नाही.

प्रश्न : मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पहिली ते पाचवी, पटावर ४८ मुले. खिचडी पातळ असते, भाजी दिसत नाही. तपासायचे ते नेमके काय? मला हिशोब येत नाही असे सर म्हणतात.
— एक पालक, नाशिक जिल्हा

हिशोब येतो, ताई. चार आकडे पाठ करा. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला एका दिवसाला तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीला हेच प्रमाण दीडपट : १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम.

आज ४० मुले हजर असतील तर तांदूळ ४ किलो, डाळ ८०० ग्रॅम, भाजी २ किलो आणि तेल २०० ग्रॅम चुलीवर चढायला हवे. शिजलेले बघून काही कळत नाही, कारण पाणी कितीही घालता येते. न शिजलेले बघा. सकाळी साडेनऊला स्वयंपाकघरात उभे राहा आणि डाळ मोजायला सांगा. डाळीत कपात झाली की खिचडी पातळ आणि पिवळी दिसते. भाजीत झाली की ताटात दोन बटाट्याच्या फोडी येतात. ४ किलो तांदळाचा भात १० ते १२ किलो भरतो, म्हणजे प्रत्येकाला पाव किलोपेक्षा जास्त. पहिल्या वाढपात मुले अर्धपोटी उठत असतील तर तांदूळच कमी पडला आहे.

महिन्याअखेर साठा मोजा. समजा १ तारखेला शिल्लक ६२ किलो, महिन्यात आले १५० किलो, २२ दिवसांत मिळून ८८० ताटे वाढली. ८८० गुणिले १०० ग्रॅम म्हणजे ८८ किलो. शिल्लक १२४ किलो हवी. तराजू आणून मोजा, पोती मोजू नका. कमी निघाली तर तांदूळ बाहेर गेला किंवा आलेले पोतेच हलके होते. आणि जास्त निघाली तर खूश होऊ नका : एकतर खोटी हजेरी लागली, नाहीतर मुलांना मापाने शिजवले गेले नाही. दुसरी शक्यता जास्त वाईट.

भाजी का दिसत नाही, याचे कारण बहुतेक शाळांत एकच असते. तांदूळ आणि धान्यादी माल शाळेत पोचवला जातो, पण इंधन-भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या खात्यात मागाहून येतात. तोवर मुख्याध्यापक उधारीवर किंवा खिशातून चालवतात, आणि हात आखडता घ्यायची पहिली वस्तू म्हणजे भाजी. मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका ताटाचा साहित्य खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे. ४० मुलांचे २७१ रुपये २० पैसे. यात डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण किंवा गॅस सगळे आले. तेव्हा सरांशी भांडण्याआधी किती महिन्यांचे पैसे थकले हे विचारा. थकले असतील तर समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. शाळेची परसबाग चालत असेल तर शेवगा, चवळईसारखा पाला, भोपळा लावा. आठवड्यातून दोन दिवसांची भाजी तिथून निघते. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे जूनमध्येच ठरवा, कारण बहुतेक परसबागा मे महिन्यात मरतात.

चवीची नोंदवही बघायला विसरू नका. मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी, त्यात एक शिक्षक, अन्न चाखायचे, अशी या योजनेची सूचना आहे. पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या सह्या एकदम होतात. हा नियम का हवा? १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या धर्मासती गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. म्हणून दोन गोष्टी कधीच सोडू नका : वाढण्याआधी चव, आणि धान्याच्या खोलीत फवारणीचे औषध, फिनेल, रॉकेल यांना सक्त मनाई. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनही तेल-पाण्याला वापरायचा नाही.

सलग ३ शाळेच्या दिवशी किंवा महिन्यात ५ दिवस जेवण मिळाले नाही तर जबाबदारी निश्चित करायची, आणि न मिळालेल्या जेवणाचा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा, हे मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत आहे. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. अंडे चालू ठेवायचे तर लोकवर्गणीतून, असा मार्ग ठेवला आहे. ज्या गावात मुलांना प्रथिनांची सर्वांत जास्त गरज आहे, त्या गावात वर्गणी सर्वांत कमी जमते. हा निर्णय बदलायला हवा असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

प्रश्न : आमच्याकडे सगळे ज्वारी खातात. रेशनवर मात्र गहू-तांदूळ. ज्वारी का देत नाहीत?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

कायद्यात अडचण नाही. भरडधान्य त्यात पहिल्यापासून आहे आणि महाराष्ट्रात काही जिल्ह्यांत काही महिने ज्वारी-बाजरी वाटलीही गेली. अडचण खरेदीत आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये आहे. दोन्हींत फरक फक्त ५० रुपयांचा, पण बाजारात टपोऱ्या मालदांडीला कितीतरी जास्त भाव मिळतो. म्हणून रब्बीची चांगली ज्वारी सरकारी केंद्रावर येतच नाही. येते ती खरिपाची, आणि कणसे भरताना पाऊस लागला की ती काळी पडते. अशी ज्वारी वाटली की लोक नाके मुरडतात, कोंबड्यांना घालतात, आणि "लोकांना ज्वारी नको" असा अहवाल वर जातो. शिवाय ज्वारीला गव्हापेक्षा लवकर कीड लागते. खरेदी, गोदाम आणि वाटप हे काही महिन्यांतच उरकावे लागते.

कर्नाटकात उत्तरेकडे ज्वारी आणि दक्षिणेकडे नाचणी रेशनवर दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य मोहीम सुरू करून आदिवासी भागातल्या नाचणीला रेशनची आणि अंगणवाडीची वाट दिली. दोन्हीकडे खरेदी आणि वाटप जवळजवळच्या भागात ठेवले, हे त्यातले मर्म. मराठवाड्यात करायचे तर मालदांडीला वेगळा, परवडणारा बोनस, तालुक्यातच साठवण आणि चार-पाच महिन्यांत वाटप, असे तिन्ही एकत्र लागेल. ग्रामसभेच्या ठरावात नुसते "ज्वारी द्या" लिहू नका. गावात किती कुटुंबे गव्हाऐवजी ज्वारी घ्यायला तयार आहेत आणि महिन्याला किती क्विंटल लागेल, हा आकडा लिहा.

प्रश्न : टोमॅटो आणि काकडी बाजार समितीत नेली. पट्टीत अजूनही माझ्याकडून आडत कापलेली दिसते. हे चालते का?
— एक शेतकरी, पुणे जिल्हा

नाही. जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. हमाली, तोलाई तुमच्या पट्टीत येऊ शकते, आडत येत नाही. आता ती "आडत" या नावाने सहसा कापत नाहीत. 'इतर खर्च', 'सूट', 'नाश' अशा रकान्यांत बघा, किंवा दर क्रेटमागे किलो-दोन किलोची कडती. वजनचिठ्ठी आणि पट्टी यांतले किलो जुळतात का, ते पाहा. तफावत असेल तर दोन्ही कागदांच्या प्रती जोडून आधी समितीच्या सचिवांकडे आणि उत्तर आले नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा. मूळ पट्टी कधीच हातची देऊ नका.

पहिल्या प्रश्नाला जोडून : बऱ्याच वाचकांनी विचारले की गावात दक्षता समिती आहे का हे कसे कळावे. कायद्याच्या कलम २९ नुसार राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चार पातळ्यांवर ती हवीच. गावपातळीवर सरपंच अध्यक्ष आणि तलाठी सचिव असतात. धान्याची गाडी आली की सदस्यांनी माल उतरवताना हजर राहून सही करायची असते. पुष्कळ सदस्यांना आपण समितीवर आहोत हेच माहीत नसते, आणि सह्या तरी असतात. हे उघड करायचा सोपा मार्ग म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील. मजकूर असा ठेवा :

"प्रति, जन माहिती अधिकारी, पुरवठा शाखा, तहसील कार्यालय. विषय : आमच्या गावातील रास्त भाव दुकानाचा मागील ३ महिन्यांचा धान्यपुरवठा. माहिती : (१) गोदामातून झालेल्या प्रत्येक उचलीच्या चलनाची प्रत, पोत्यांची संख्या व निव्वळ वजनासह. (२) माल उतरवताना दक्षता समितीच्या सदस्यांनी केलेल्या सह्यांच्या कागदाची प्रत. (३) समितीच्या सदस्यांची नावे व शेवटच्या ४ बैठकांची इतिवृत्ते. (४) दुकानाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल. माहिती टपालाने हवी."